मिरनीझी सीरम/प्लाझ्मा किट : कॉलम चोख, घोळ रक्ताच्या नळीत

कर्करोगाची गाठ काढल्यावर रक्तातले कोणते मायक्रोआरएनए (जनुकांचं काम आवरणारे आरएनएचे छोटे तुकडे) खाली येतात हे शोधणाऱ्या सर्जनच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या सीरम किंवा प्लाझ्मातून (पेशी वगळून उरलेल्या द्रवातून) आरएनए वेगळा काढणारं कायाजेन कंपनीचं हे किट बऱ्याचदा दिसतं. डब्यात ५० नमुन्यांचं सामान. क्लोरोफॉर्म आणि इथेनॉल आपलं आपण आणायचं, मोजमापासाठी लागणारा सेल-मिर-३९ हा मायक्रोआरएनए सुद्धा वेगळा मागवायचा. डबा आला की कॉलम, म्हणजे आरएनए धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या छोट्या नळ्या, लगेच २ ते ८ अंशांत ठेवा. एरवी ते बाकीच्या बाटल्यांबरोबर टेबलावरच राहून जातात.

२०० मायक्रोलिटर प्लाझ्मात पाचपट, म्हणजे १ मिलिलिटर कायाझॉल (किटमधलं प्रथिनं मोडणारं द्रावण). ढवळून ५ मिनिटं थांबायचं आणि मग ३.५ मायक्रोलिटर सेल-मिर-३९ घालायचा. हा कृमीतला, माणसात नसतो, त्यामुळे कोणत्या नळीत किती आरएनए वाया गेला ते त्यावरून कळतं. क्रम चुकवून तो थेट प्लाझ्मात घातला तर तिथले आरएनेझ (आरएनए तोडणारी विकरं) त्याचा फडशा पाडतात आणि दोष किटच्या माथी येतो. पुढे २०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, १५ सेकंद जोरात हलवणं आणि ४ अंशांवर १२,००० जी वेगाने १५ मिनिटं.

आता हात आवरायचा. वरचा बिनरंगी थर साधारण ६०० मायक्रोलिटर येतो, पण शेवटच्या थेंबाच्या मोहात मधला पांढरा पापुद्रा पिपेटमध्ये आला की कायाझॉलमधलं फिनॉल पुढे जातं आणि पीसीआर (प्रती वाढवून आरएनए मोजणारी चाचणी) अडतो. त्यापेक्षा प्रत्येक नमुन्यातून ठरवून ५०० घ्या आणि दीडपट, म्हणजे ७५० मायक्रोलिटर शुद्ध इथेनॉल मिसळा. साका दिसला तरी नळी फिरवू नका, साक्यासकट कॉलमवर ओता.

धुण्याचे टप्पे सरळ आहेत: किटमधले धुण्याचे बफर आरडब्ल्यूटी ७०० आणि आरपीई ५००, मग ८० टक्के इथेनॉल ५०० मायक्रोलिटर. पहिले दोन्ही बफर दाट स्वरूपात येतात. बाटलीत इथेनॉल घालून झाकणावर खूण करायची राहिली, की अख्खी बॅच गेली म्हणून समजा. शेवटी झाकण उघडं ठेवून पूर्ण वेगाने ५ मिनिटं सुकवणं टाळू नये, उरलेलं इथेनॉलही पीसीआरला मारतं. १४ मायक्रोलिटर पाणी पडद्याच्या बरोबर मधोमध सोडलं की १२ हाती येतं. हे १२ नॅनोड्रॉपवर (प्रकाश शोषणावरून आरएनए मोजणाऱ्या यंत्रावर) उधळू नका. प्लाझ्मातला आरएनए इतका तुटपुंजा असतो की तो आकडा भरवशाचा नसतो. पुढच्या पायरीला सगळ्या नमुन्यांचं सारखं आकारमान घ्यावं.

कायाझॉलमध्ये फिनॉल आणि ग्वानिडीन आहे, तेव्हा काम फ्यूम हूडमध्येच. सांडलं तर ब्लीच ओतायचं नाही, विषारी वायू होतो.

एवढं पाळलं तर किट दगा देत नाही. दगा होतो तो त्याआधी, ऑपरेशन थिएटरमध्ये. भूलतज्ज्ञाने हेपॅरिनने (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने) धुतलेल्या लाइनमधून रक्त ओढून दिलं तर हेपॅरिन आरएनएसोबत कॉलममधून पार होतं आणि पीसीआर दाबतं. सेल-मिर-३९ पण पीसीआरमध्ये उशिरा उगवला तर आधी हीच शंका घ्यावी. रक्त वेगळ्या शिरेतून, ईडीटीएच्या (गोठणं रोखणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या) नळीत. प्लाझ्मा दोनदा फिरवायचा: १,९०० जी, मग १६,००० जी, दोन्ही वेळा ४ अंशांवर १० मिनिटं, नाहीतर प्लेटलेटमधले मायक्रोआरएनए मिसळतात.

लाल पेशी फुटल्या का हे डोळ्यांवर सोडू नये. ४१४ नॅनोमीटरला शोषण पाहा, किंवा मिर-२३ए या मायक्रोआरएनएच्या सीटीमधून (पीसीआरच्या ज्या फेरीला तो दिसू लागतो त्या आकड्यातून) लाल पेशींतल्या मिर-४५१ए चा वजा करा. फरक ७ च्या वर गेला तर नमुना बाजूला काढा. मिर-१६ लाल पेशींत भरपूर असतो, आणि तरी बरेच जण बाकीच्यांची तुलना करायला तोच संदर्भ म्हणून धरतात! ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच्या रक्तावर तर अजिबात विसंबू नये: कापलेल्या स्नायूंमधले मिर-१ आणि मिर-१३३ए तेव्हा चढलेले असू शकतात आणि रक्त चढवलं असेल तर दात्याच्या पेशींची भर.

फिनॉल नकोच असेल तर याच किटची ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्ती आहे. फक्त एका अभ्यासात दोन्ही मिसळू नका, ऑपरेशनआधीचे नमुने एकीवर आणि नंतरचे दुसरीवर तर मुळीच नाही.