घरी येऊन वीज-गॅसचं बिल, मीटर आणि गारठा तिन्ही बघणारी फ्री सर्व्हिस: आमचा अनुभव

इंग्लंडमध्ये जुन्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम लिहितेय. आमच्या कौन्सिलच्या मदतीने चालणारी एक एनर्जी अ‍ॅडव्हाइस सर्व्हिस आहे, त्यांची बाई घरी येते, बिलं वाचते, मीटर बघते, भिंती-खिडक्या तपासते आणि एक पैसा घेत नाही. बऱ्याच शहरांत अशा सर्व्हिसेस आहेत, नावं वेगळी असतात, कौन्सिलच्या साइटवर शोधा नाहीतर फुकट सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसला विचारा. माझं रेटिंग ५ पैकी ४, एक मार्क का कापला तेही सांगते.

आधी मीटरचं सांगते कारण सगळ्यात मोठा फायदा तिथेच झाला. आमच्याकडे प्रीपेमेंट मीटर आहेत, विजेची चावी आणि गॅसचं कार्ड घेऊन दुकानात जायचं, टॉप-अप करायचा आणि घरी येऊन मीटरमध्ये घालायचा. विजेचे पैसे वापरापेक्षा कितीतरी भराभर संपायचे आणि कंपनीला फोन केला की थंडी आहे, वापर वाढला असेल हेच उत्तर. ही बाई मीटरसमोर उभी राहिली, बटण दाबत दाबत एकेक स्क्रीन पुढे नेली आणि एका आकड्यावर थांबून म्हणाली, हे कर्ज तुमचं आहे का? आमच्या आधीच्या भाडेकरूची थकबाकी मीटरवर तशीच होती आणि ती दर आठवड्याला आमच्या टॉप-अपमधून कापली जात होती!! घर बदललं की कंपनीकडून स्वतःच्या नावाची नवीन चावी घ्यायची असते, जुनीच वापरत राहिलं की असं होतं, आणि हे आम्हाला ना एजंटने सांगितलं ना कंपनीने.

तिने तिथेच बसून फोन स्पीकरवर लावला. आधी नुसतं म्युझिक ऐकलं बराच वेळ, मग पलीकडचा माणूस टाळाटाळ करायला लागला तर ती शांतपणे म्हणाली की भाडेकराराची तारीख माझ्यासमोर आहे, त्या दिवशीचा मीटरचा फोटोही आहे, तुम्ही मला तक्रार नंबर द्या. तक्रार नोंदवून ८ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बुड्समनकडे (कंपनी आणि ग्राहक यांच्यातले वाद सोडवणारी स्वतंत्र संस्था) फुकटात जाता येतं, ते तिने त्यालाही ऐकवलं आणि आम्हालाही. कर्ज निघालं, कापलेले पैसे चावीवर परत आले. खरं सांगते, तो फोन ऐकताना मला रडू येत होतं. परक्या देशात कोणीतरी आपल्या बाजूने असं ठाम बोलतंय याची किंमत पाउंडात होत नाही.

अजून एक गोष्ट तिने समजावली, उन्हाळ्यात गॅस वापरला नाही तरी स्टँडिंग चार्ज (रोजचं ठरावीक शुल्क) चढत राहतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये पहिला टॉप-अप केला की त्यातला मोठा वाटा त्यातच जातो आणि घर थंडच. म्हणून उन्हाळ्यातही गॅसच्या कार्डवर थोडे थोडे टाकत राहायचे. आणि ऑफजेमची, म्हणजे वीज-गॅस कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, प्राइस कॅप म्हणजे बिलाला कमाल मर्यादा नव्हे हं, ती युनिटच्या दराला आणि स्टँडिंग चार्जला असते, दर तीन महिन्यांनी बदलते, जास्त वापरलंत तर बिल जास्तच येणार.

मग घर. आमचं घर १९२० च्या आधीचं, म्हणजे सलग विटांच्या भिंती, मध्ये पोकळी नाही, त्यामुळे पोकळीत कापसासारखं भरून देतात ते इन्सुलेशन इथे होतच नाही. वारा कुठून येतो ते बघायला ती धुराची पेन्सिल आणते, ती संपली होती, मी देवघरातली उदबत्ती दिली. दाराच्या टपालाच्या फटीशी धूर सरळ आडवा झाला, आणि भिंतीखालच्या लाकडी पट्टीशी तर आत ढकलल्यासारखा वळला, तिथून वारा येतो हे आम्हाला कधी सुचलंही नव्हतं. फटीला ब्रश बसवला, पट्टीखाली सीलंट भरलं, हॉलमध्ये पायांना लागणारा गारठा लगेच कमी झाला.

बॉयलर आमचा कॉम्बी, म्हणजे टाकी नसलेला, लागेल तेव्हा पाणी तापवणारा, आणि कंडेन्सिंग प्रकारचा. बसवणाऱ्याने रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ७५ डिग्रीवर ठेवलेलं, तिने ६० वर आणलं. कारण असं की कंडेन्सिंग बॉयलरमध्ये परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असलं तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता वाया जात नाही. रेडिएटर आता हात भाजण्याइतके तापत नाहीत, खोली गरम व्हायला थोडा वेळ लागतो पण होते. तुमच्याकडे गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर मात्र असं परस्पर कमी करू नका, टाकीतलं पाणी ६० तरी लागतं, नाहीतर त्यात जंतू वाढतात.

पैशांच्या मदतीबद्दल. वॉर्म होम डिस्काउंट म्हणजे विजेच्या बिलात १५० पाउंडची सूट, पण ती ठरावीक बेनिफिट्स घेणाऱ्यांना, त्यामुळे आपल्यातल्या व्हिसावरच्या बहुतेकांना नाही मिळत, हे तिने आधीच स्पष्ट सांगितलं, उगाच आशा लावली नाही. पण प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर, म्हणजे जास्त काळजी लागणाऱ्या घरांची कंपनीकडची यादी, बेनिफिट्स न घेणाऱ्यांनाही खुली आहे, घरात ५ वर्षांखालचं मूल, म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर नाव घाला, फुकट आहे, वीज बंद होणार असेल तर आधी कळवतात. शेजारच्या आजींना तिने पेन्शन क्रेडिटचा (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी सरकारी मदत) अर्जही भरायला लावला, त्यांना त्याचा पत्ताच नव्हता, एका खोलीत कोट घालून बसायच्या बिचाऱ्या.

आता कापलेला मार्क. अपॉइंटमेंट मिळायला फार वेळ लागतो, आणि नेमकं कडाक्याच्या थंडीत, जेव्हा लोकांना खरी गरज असते. फुकट किटमधला रेडिएटरमागे लावायचा चकचकीत कागद आठवड्यात सुटला. आणि माळ्यावरच्या इन्सुलेशनचं तर घोडं तिथेच अडलंय. तिने मोजून दाखवलं, आमच्या माळ्यावर जेमतेम बोटभर लोकर आहे आणि हवी २७० मिलीमीटर, पण घरमालकाची लेखी परवानगी लागते आणि तो मेलला उत्तरच देत नाही. सर्व्हिसने त्याला पत्र पाठवलं, पुढे काही नाही. भाड्याचं घर एनर्जी सर्टिफिकेटवर (घराला ए ते जी असा दर्जा देणारा दाखला) किमान ई बँडचं हवं असा इथे २०२० पासून सगळ्याच भाडेकरारांना नियम आहे, आमचं नेमकं ई, म्हणजे त्या नियमातून मालक सुटला आणि आम्ही मात्र बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवरची बुरशी पुसतोय. (कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं तर कमी होते, हेही तिनेच सांगितलं.) मालकांशी असं भांडायची ताकद या सर्व्हिसला मिळायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

बोलावणार असाल तर ऑगस्ट-सप्टेंबरलाच नंबर लावा. भाडेकरार, वर्षभराची बिलं किंवा टॉप-अपच्या पावत्या आणि घरात आलात त्या दिवशीचा मीटरचा फोटो जवळ ठेवा. इंग्रजीत बोलायला अवघड जात असेल तर बुकिंग करतानाच सांगा, आमच्याकडे फोनवर हिंदी आणि गुजराती दुभाषी देतात, मराठी विचारला तर तेव्हा तरी नव्हता.