एडीएचडीची गोळी: मिथाइलफेनिडेट की ॲटोमॉक्सेटिन?

ताई, डॉक्टरांनी लेकाच्या एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) या दोन्ही औषधांची नावं सांगून विचार करा म्हटलंय ना, मग एकदा शेजारी शेजारी ठेवून बघ.

मिथाइलफेनिडेटचा गुण त्याच दिवशी दिसतो, साध्या गोळीचा असर चारेक तास राहतो, म्हणजे सकाळची शाळा निघते पण संध्याकाळी गृहपाठाला बसेपर्यंत उतरलेला असतो, म्हणून मग लाँग ॲक्टिंग, म्हणजे असर जास्त वेळ टिकणारी गोळी देतात. ॲटोमॉक्सेटिन रोज न चुकता द्यायची आणि खरा फरक कळायला महिना-दीड महिना जातो, पण एकदा लागू पडली की संध्याकाळही सांभाळली जाते.

त्रास म्हणशील तर पहिलीने भूक मरते, डबा तसाच परत येतो, रात्री झोप उशिरा लागते. त्यामुळे शाळेआधी पोटभर नाश्ता, आणि वजन-उंची नियमित मोजायचीच. दुसरीने मळमळ आणि पेंग येते. सुरुवातीला मुलाचा मूड फार बिघडला किंवा जीव नकोसा झाल्यासारखं बोलला तर वाट बघत थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. आणि ॲटोमॉक्सेटिनची कॅप्सूल फोडून दुधात घालायची नाही हं, आतली पावडर डोळ्यांना झोंबते.

मिथाइलफेनिडेट एनडीपीएस कायद्याखाली (अमली पदार्थांवरचा कायदा) येते, प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलवाला ठेवतही नाही, संपायच्या आधीच सोय बघावी लागते.

शाळेत पार कोलमडलाय आणि लवकर फरक हवाय तर मिथाइलफेनिडेट. आधीपासून टिक्स (डोळे मिचकावणं, मान झटकणं असं आपोआप होणं), खूप चिंता असेल किंवा पहिली सोसली नाही तर ॲटोमॉक्सेटिन. हृदयाचा काही त्रास असेल तर दोन्हींच्या आधी डॉक्टरांना सांग.