सहा फॅन, लिक्विड कूलर आणि एका ओळीचं बिल

बिलावर एकच ओळ होती: 'गेमिंग पीसी, ६ फॅन, लिक्विड कूलर, ६५० वॅट, १ नग.' पाचोऱ्यात लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या एका भाऊंनी जानेवारीत हे मशीन जळगावातून असेंबल करून घेतलं. थंडीत तक्रार नव्हती. मार्च संपता संपता रेंडर (व्हिडिओ तयार करायचं जड काम) लावला की मशीन आपोआप रिस्टार्ट व्हायला लागलं, आणि एप्रिलच्या दुपारी तर एकही व्हिडिओ पूर्ण एक्सपोर्ट होईना. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "भाऊ, आपल्याकडचं ऊन पाहताय ना? खोलीत एसी लावा."

ऊन आहेच. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात ४४-४५ अंशांचं कुणाला नवल वाटत नाही. पण मशीन उघडल्यावर आत जे निघालं, त्याचा उन्हाशी संबंध एवढाच की उन्हाने ते उघडं पाडलं. हिवाळ्यात, त्यातही दुकानाच्या एसीत, कसलंही मशीन दहा मिनिटं झकास चालतं.

आधी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. बाजूवर ठळक अक्षरात ६५०. खालच्या बारीक तक्त्यात मात्र +१२ व्होल्टच्या रकान्यात २० ॲम्पिअर. १२ गुणिले २० म्हणजे २४० वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे खरी ताकद हीच. चांगल्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर इथे ५४ ॲम्पिअरच्या आसपास आकडा असतो. या मशीनमध्ये रायझन ५ ५६०० होता, तो पूर्ण लोडवर ७६ वॅटपर्यंत घेतो. आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅट घेतं. बेरीज २४६. फॅन, पंप आणि हार्ड डिस्क अजून धरलेच नाहीत. शिवाय एसएमपीएस जसजसा तापतो तसतशी त्याची ताकद घटते, आणि स्वस्तातल्या मालाचा आकडा लिहिलेलाच असतो गार हवेतला. म्हणून जानेवारीत कसंबसं निभावलं, एप्रिलमध्ये दम तुटला. त्यावर कडी म्हणजे कार्डाची ८ पिनची वायर या एसएमपीएसला नव्हतीच; मोलेक्समधून (डिस्क-फॅनसाठीची जुनी चार पिनची जोडणी) कन्व्हर्टर लावून काम भागवलं होतं. त्या कन्व्हर्टरचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडून एका पिनशी वितळायला लागलं होतं. हे आग लागण्याचं लक्षण आहे, तिथे टेप गुंडाळून चालत नाही.

इथे एक ओळखण्याची खूण. प्रोसेसर तापला तर मशीन आधी मंदावतं, फॅन ओरडतात, मग कधीतरी बंद पडतं. एसएमपीएस कमी पडला तर काही न सांगता क्षणात स्क्रीन काळी. या मशीनमध्ये दोन्ही होत होतं.

कारण दुसरी फसवणूक लिक्विड कूलरमध्ये, म्हणजे पंपाने पाणी फिरवून प्रोसेसर गार करणाऱ्या कूलरमध्ये होती. नवा म्हणून विकलेला २४० एमएमचा कूलर वापरलेला होता. नव्या कूलरच्या तांब्याच्या पट्टीवर कंपनीने लावलेली पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) किंवा कोरी चकचकीत पट्टी आणि तिच्यावर प्लास्टिकची फिल्म असते. इथे पट्टीवर दुसऱ्याच, जास्त मोठ्या प्रोसेसरच्या चौकटीचा डाग होता, स्क्रूच्या आट्यांत वाळलेली करडी पेस्ट अडकली होती आणि स्क्रूंची डोकी घासलेली होती. रेडिएटरचे, म्हणजे पाणी गार करणाऱ्या जाळीचे, पातळ पत्रे एका कोपऱ्यात दबलेले. मशीन सुरू करताच गुळगुळ आवाज, म्हणजे आतलं पाणी कमी झालेलं. लिक्विड कूलरच्या नळीतून वर्षानुवर्षांत पाणी थोडं थोडं उडतंच, त्यामुळे जुना कूलर भरलेला राहत नाही.

पंप चालतो की नाही हे पाहायला पैसे लागत नाहीत. लोड द्या आणि पाच-दहा मिनिटांनी रेडिएटरला हात लावा. प्रोसेसर ९० अंशांवर आणि रेडिएटर गारच, तर पाणी फिरत नाही. मुकाट्याने मशीन बंद करा. या मशीनमध्ये पंपाची वायर साध्या फॅनच्या हेडरवर (बोर्डवरच्या जोडणीच्या पिनांवर) होती. तिथे वेग तापमानाप्रमाणे कमी-जास्त होतो, आणि पंपाला तर कायम पूर्ण व्होल्टेज लागतं. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) तो हेडर १०० टक्क्यांवर ठेवायचा किंवा बोर्डवर पंपाचा वेगळा हेडर असेल तर तिथे वायर लावायची, एवढं साधं काम राहिलं होतं.

मुळात ५६०० ला लिक्विड कूलर लागतच नाही. त्याच्या बॉक्समध्ये कंपनीचा रेथ स्टेल्थ हीटसिंक, म्हणजे धातूच्या पत्र्यांचा फॅनसह साधा कूलर, फुकट येतो. तो गिऱ्हाइकाला दिलाच नव्हता. "लिक्विड घेतलं ना, मग ते कशाला?" असं म्हणून हीटसिंक मागे ठेवायचा आणि पुढच्याला विकायचा, ही जुनी रीत. बॉक्स मागा, त्यातलं सगळं मागा. ते तुमच्याच पैशाचं आहे.

कोणताही कूलर, हवेचा असो की पाण्याचा, प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली २५ अंश आणि प्रोसेसर ६५, म्हणजे फरक ४० चा. तोच फरक ४२ अंशांच्या पत्र्याच्या खोलीत धरला तर ८२. ५६०० ची मर्यादा ९० आहे, म्हणजे चार हीटपाइपचा (उष्णता वाहणाऱ्या नळ्यांचा) साधा उभा टॉवर कूलर आणि नीट हवा असली की निभतं. "आपल्याकडे लिक्विडशिवाय भागत नाही" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

आता कॅबिनेट. समोर सलग काच, तिच्यामागे तीन झगमगते फॅन, आणि हवा आत यायला बाजूने बोटभर फट. म्हणजे फॅन सहा असले तरी हवा नाहीच. सगळे फॅन मोलेक्सवर एकामागे एक जोडलेले, त्यामुळे वेग बदलत नाही आणि रंगही नाही. एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणारे) म्हणून विकलेले हे फॅन फक्त ठरलेला इंद्रधनुष्य दाखवतात. खरा एआरजीबी ५ व्होल्टचा, तीन पिनचा असतो. साधा आरजीबी १२ व्होल्टचा, चार पिनचा. ५ वाला १२ वर जोडला तर दिवे तिथेच जळतात. वरचा एक फॅन तर उलटा बसवला होता. फॅनच्या ज्या बाजूला आडव्या काड्या असतात तिकडे हवा जाते. टिश्यू पेपरची पट्टी धरली की लगेच कळतं.

आमच्या भागात घ्यायचं ते समोर जाळी असलेलं कॅबिनेट, काढता येणाऱ्या फिल्टरसह. समोर दोन १२० एमएमचे फॅन आत घेणारे, मागे एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा थोडी जास्त असली की धूळ फटींतून न येता फिल्टरवर अडते. जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस आणि उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ, दोन्हींचा थर फिल्टरवर बसतो. दोन-तीन आठवड्यांनी तो झटका. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरच्या झोतात मशीन ठेवू नका, ओल्या हवेत धुळीचा चिखल होऊन हीटसिंकच्या पत्र्यांत बसतो.

टॉवर कूलर घेण्याआधी उंची मोजा. १२० एमएम फॅनचे टॉवर १५० ते १६० एमएम उंच असतात. नाव-मॉडेल नसलेल्या कॅबिनेटच्या खोक्यावर १६५ लिहिलेलं असतं आणि बाजूची काच मात्र बंद होत नाही. दुकानातच प्रोसेसरच्या वरच्या झाकणापासून काचेपर्यंत फूटपट्टी लावा. पेस्टची ट्यूब सीलबंद घ्या, नामांकित ब्रँडची नक्कल भरपूर फिरते. आर्क्टिकच्या पाकिटावरचा कोड त्यांच्या साइटवर तपासता येतो. मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब पुरे.

या भाऊंना एसएमपीएस बदलून मिळाला, तोही तक्त्याचा फोटो दाखवून फरकाचे पैसे दिल्यावर. कूलरचं काहीच झालं नाही. बिलावर ना मॉडेल, ना सीरियल नंबर; तो कूलर त्याच दुकानातला हे सिद्ध कसं करणार? कच्च्या बिलात १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणतात, आणि कंपनीची काही वर्षांची वॉरंटी बुडते. पक्कं बिल घ्या, प्रत्येक पार्टची वेगळी ओळ, मॉडेल आणि सीरियल नंबरसह. पैसे देण्याआधी खोकी तुमच्यासमोर उघडायला लावा आणि मोबाइलवर चित्रण करा. एसएमपीएसच्या तक्त्याचा फोटो काढा, तोही मशीनमध्ये बसवण्याआधी, नंतर ती बाजू दिसत नाही.

दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यातूनही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे माल मुंबई-दिल्लीहून मागवला असला तरी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्याच आयोगात. मुदत दोन वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्टुडिओ चालवणाराही ग्राहकच धरला जातो, "धंद्यासाठी घेतलं" म्हणून कुणी परत पाठवलं तर हे सांगा. ऑनलाइन पैसे भरले आणि माल आलाच नाही, तर तो सायबर गुन्हा: १९३० वर त्याच दिवशी फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं.