व्हिनेगरला फेस आला, तरी दगड जांभाच निघाला

कोल्हापूरच्या परिसरात प्रवाळांची रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ आणि मासे पाळायची काचेची टाकी, ठेवणारे मोजकेच. सामान पुण्या-मुंबईहून मागवायचं, नाहीतर घरी येऊन ‘पूर्ण सेटअप’ लावून देणारा गाठायचा, एवढेच मार्ग. अशाच एका सेटअपवाल्याने मला 38 हजारांना बुडवलं. मासा मेला, प्रवाळ गेले, आणि तो माणूस अजून गिऱ्हाइकं शोधत फिरतोय. म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

टाकी 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. साधारण 190 लिटर पाणी. ‘इम्पोर्टेड ड्राय रीफ रॉक’ सांगून त्याने किलोच्या भावाने दगड दिले. खरा रीफ रॉक जुन्या प्रवाळांपासून बनलेला, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो सच्छिद्र असतो आणि अमोनिया-नायट्राइट पचवणारे जिवाणू त्या छिद्रांतच वस्ती करतात. त्यावर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात. मी विचारायच्या आधी त्यानेच पिशवीतून व्हिनेगरची बाटली काढली, दगडावर थेंब सोडले, फेस आला. “बघा मालक, एक नंबर माल.”

पुढे एका रात्री दगडांची रास कोसळली. एक दगड फुटला आणि आतून तांबूस-पिवळा, भोकाभोकांचा गाभा दिसला. पन्हाळ्याच्या, राधानगरीच्या वाटेने गेलेल्या कुणालाही तो ओळखता येईल. जांभा! पांढऱ्या सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा कालवून त्याचा लेप वरून दिलेला. शिंपलाही कॅल्शियम कार्बोनेटचाच, त्यामुळे फेस येणारच. फुटलेल्या बाजूला मी व्हिनेगर टाकलं, तिथे काहीच झालं नाही. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात. पाण्याला तांबूस झाक का येतेय, हे तेव्हा कळलं.

म्हणून दगड घेताना त्यातला एक हातोडीने फोडून घ्या आणि व्हिनेगर आतल्या बाजूवर टाका. विकणारा फोडू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

आता रास का कोसळली ते. त्याने आधी वाळू पसरली आणि तिच्यावर दगड मांडले. सांध्यांना सिलिकॉन लावलं. सिलिकॉनला कोरडा, स्वच्छ, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. धुळीने भरलेल्या सच्छिद्र दगडावर ते धरत नाही, नुसतं चिकटल्यासारखं दिसतं. माझ्या टाकीत गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबी होती. ही जोडी दगडाखाली वाळू उकरून बीळ करते, तो तिचा स्वभावच आहे. खालची वाळू सरकली आणि वरचा दगड बसला तो थेट बिळावर. गोबी त्याखाली चिरडला. त्याची आठवण आली की अजून वाईट वाटतं, कारण त्या मुक्या जिवाने निसर्गाने शिकवलं तेवढंच केलं होतं.

पायाचे दगड वाळूच्या आधी, टाकीच्या तळावर ॲक्रिलिकची पातळ शीट टाकून तिच्यावर बसवायचे असतात. वाळू नंतर. वरच्या दगडांना भोक पाडून ॲक्रिलिकची कांडी घालायची, आणि सांध्यात इपॉक्सी पुटी व दोन्ही बाजूंना सायनोॲक्रिलेट जेल (घट्ट सुपरग्लू). उद्यमनगरात माझ्या मावसभावाचं वर्कशॉप आहे, त्याने नव्या दगडांना ड्रिल मारून दिली. सिमेंटने जोडणार असाल तर जोडलेला दगड काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी बदलत राहा, नाहीतर ताजं सिमेंट टाकीचा पीएच चढवतं. रचना टाकीबाहेर करा, हाताने ढकलून बघा. डगमगली तर ती आत घालायची नाही. काचेपासून हात जाईल एवढी जागा सोडा.

दिव्यातही तोच खेळ होता. पेटीवर 165 वॉट. त्याने मोबाइलमधलं लक्स मोजायचं ॲप उघडून मोठा आकडा दाखवला. पण लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला काय उजेड दिसतो त्याचं, आणि आपला डोळा हिरवट उजेडाला सर्वांत जास्त संवेदनशील. प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला मुख्यतः निळा प्रकाश लागतो. त्यासाठी पार (PAR), म्हणजे शैवालाला अन्न तयार करायला उपयोगी पडणारा 400 ते 700 नॅनोमीटरमधला प्रकाश, मोजणारं पार मीटर हवं. पुण्याच्या एका ओळखीच्यांचं मीटर आणून मोजलं, तर वाळूपाशी पार जेमतेम 25. मी ठेवलेले झोअँथिड आणि मशरूम हे प्रवाळ तसे कमी उजेडावर भागवणारे, पण त्यांनाही साधारण 50 ते 100 पार लागतो. झोअँथिड उजेडासाठी देठ ताणत गेले, मग मिटले ते उघडलेच नाहीत. प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरवर दिवा 70 वॉटसुद्धा खेचत नव्हता. उघडून पाहिलं तर साधे पांढरे एलईडी आणि नावापुरते चार निळे. ॲपवरचा आकडा त्या पांढऱ्या उजेडाचा होता.

जाब विचारल्यावर तो म्हणाला, “मालवणकडून अस्सल प्रवाळाचा दगड आणून देतो, वरचे पैसे द्या.” हे तर उघड गुन्ह्याचं आमंत्रण. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे प्रवाळ आहेत. आपल्या किनाऱ्यावरून ते उचलणं, विकणं, विकत घेणं बेकायदा आहे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. कुणी असा माल देऊ केला तर वनविभागाला कळवा.

त्याच्या कच्च्या बिलावर फक्त ‘फिश टँक साहित्य’ लिहिलं होतं. तुम्ही पक्कं बिल मागा आणि त्यावर दगडाचा प्रकार, दिव्याचं मॉडेल आणि वॉट लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फुटलेला दगड, मीटरचे फोटो आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी जोडून मी तक्रार दिली आहे.

तुमच्या टाकीत असा लेप दिलेला दगड आधीच असेल, तर तो एकदम सगळा उपसू नका. तुमचे जिवाणू त्याच्यातच आहेत. खरा दगड घालून तो काही आठवडे मुरू द्या, मग जुने एकेक काढा, आणि प्रत्येक वेळी अमोनिया-नायट्राइट तपासून शून्य दिसल्यावरच पुढच्याला हात लावा.