जावक क्रमांक नसलेलं पत्र

आधीच सांगते, मी अडाणी नाही. एका सरकारी कार्यालयात तेरा वर्षं आवक-जावक सांभाळते. तरी मला 38,500 रुपयांची टोपी घातली गेली, आणि अर्धा फ्लॅट गेला तो वेगळाच. आई पारोळ्याहून फोनवर म्हणाली, "तू ते इतली शिकेल शे, नी तरी बी फसनी?" त्यावर काय बोलणार?

2019 मध्ये जळगावात नवरा आणि मी, दोघांच्या नावे फ्लॅट घेतला. कर्ज 24,50,000, हप्ता 21,651. सुरुवातीचे 4,10,000 माझे, पाटल्या आणि पोत मोडून दिलेले. पुढे संसार मोडला, त्याबद्दल इथे लिहिणार नाही. परस्पर संमतीने घटस्फोटाच्या अर्जात ठरलं ते असं: फ्लॅट नवऱ्याला, उरलेलं 20,91,000 चं कर्ज तो फेडणार, माझे 4,10,000 तो परत देणार आणि कर्जातून माझं नाव निघणार.

नाव काढून देणारा माणूसही त्यानेच आणला. "ताई, त्या शाखेत आपल्याला सगळे ओळखतात." आधी 15,000 रोख, मग 23,500 फोनवरून. पावती मागितली तर म्हणाला, "वरच्या पैशांची पावती असते का ताई?" हो, मला कळलं होतं तो काय म्हणतोय ते. पण रोज कोर्टाच्या तारखा, रजा संपलेल्या, घरी दहावीतला मुलगा. म्हटलं, एकदाचं सुटू दे.

घाई या माणसाने कशी लावली बघा. म्हणे, घटस्फोटाचा हुकूम व्हायच्या आत तुमच्या अर्ध्या हिश्शाचं नवऱ्याच्या नावे बक्षीसपत्र करून टाका. नवरा-बायकोत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक 200 रुपये, घटस्फोटानंतर तुम्ही परके, मग लाखाच्या वर जाईल. ही 200 रुपयांची सवलत खरी आहे. मी स्वतः चौकशी केली, ती खरी निघाली, म्हणून बाकीचंही खरं धरलं.

मे 2025. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर 44 अंश ऊन. त्या माणसाने पाकिटातून बँकेचं पत्र काढलं: 'सहकर्जदाराचे नाव कमी करण्यास हरकत नाही.' शिक्का होता, सही होती. जावक क्रमांक नव्हता. कर्ज खात्याचा क्रमांकही नव्हता. मला ते दिसलं. दिवसाला पन्नास पत्रांवर मी जावक क्रमांक टाकते, तो नसेल तर शिपायाला परत पाठवते. तेवढ्यात टोकनचा आकडा पुकारला आणि मी उठले. आत फोटो काढला, अंगठा दिला. त्या दिवशी उठण्याऐवजी बँकेत फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

ऑगस्टमध्ये हुकूम झाला. सप्टेंबरपासून हप्ते बंद. डिसेंबरमध्ये माझं पगार खातं गोठलं, थकबाकी 64,953. माझा पगार त्याच बँकेत, कर्जही त्याच बँकेचं. (पगार खातं वेगळ्या बँकेत ठेवा, आजच बदला.)

बँकेत गेले तर साहेब म्हणाले, असं पत्र आमच्याकडून गेलेलंच नाही. मग बनावट पत्राची तक्रार करा ना! "ती तुम्ही करा." कोर्टाचा हुकूम दाखवला. "बँक त्यात पक्षकार नव्हती, आमच्यासाठी तुम्ही दोघं कर्जदार." हे मात्र बरोबर आहे. कर्ज कोण फेडणार हे कोर्टाच्या कागदावर लिहिलं म्हणून बँक तुम्हाला सोडत नाही, पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकते.

पोलिस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा: "नवरा-बायकोचं भांडण आहे, कोर्टात जा." नवरा-बायको कुठे राहिलोय, साहेब? दुसऱ्यांदा: "दिवाणी मामला." खोटा शिक्का मारणं दिवाणी कधीपासून झालं? तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोचही दिली, पण पोचेवर आवक-जावक क्रमांक काहीच नाही. मी मागितला तर हवालदार हसला. "मॅडम, तुम्ही ऑफिसात आहात वाटतं." निबंधक कार्यालयाने सांगितलं की मजकूर खरा की खोटा हे ते तपासत नाहीत. सगळ्यांचं बरोबर, एकटी मी चुकले.

मुद्रांक वाचवायला सही करू नका, माझे वाचलेले लाखभर 20,91,000 च्या गळफासाला बांधले गेलेत. आधी नवऱ्याच्या एकट्याच्या नावाचं नवं कर्ज मंजूर होऊ दे, जुनं खातं बंद झाल्याचं पत्र तुम्ही स्वतः शाखेतून आणा, पैसे हातात घ्या, मग अंगठा. सिबिलचा, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांच्या नोंदीचा, अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. बक्षीसपत्रानंतर बघितला असता तर कर्ज माझ्या नावावर चालूच दिसलं असतं. त्याने सुचवलेला माणूस तर घेऊच नका, मग तो कितीही 'ताई ताई' करो.

वकील म्हणतात, 4,10,000 साठी दरखास्त, म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावू. फी 25,000 सांगितली आहे. फ्लॅटमध्ये आता भाडेकरू आहे, भाडं त्याला जातं.

ते पत्र माझ्या कपाटात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलंय. तपासाला मूळ प्रत लागेल म्हणून मी ते दुमडलंही नाही. अजून कुणी मागितलेलं नाही.