सेमी-हॉलो गिटार घेताय? आधी कॉर्ड धरून बघा, केबल नंतर

गाणाऱ्याच्या मागे गिटारवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरणं हेच माझं काम आणि हीच माझी आवड. सोलो मी क्वचितच वाजवतो. त्यामुळे हा रिव्ह्यू कॉर्डवाल्याच्या कानानं लिहिलेला आहे.

सेमी-हॉलो म्हटलं की नाव निघतं गिब्सनच्या १९५८ सालच्या ईएस-३३५ चं. अंग पातळ, दोन्ही बाजूंना एफ-होल (इंग्रजी f च्या आकाराची भोकं), आतून पोकळ, पण मधोमध लाकडाचा सलग ठोकळा आणि पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग), ब्रिज (तारा टेकतात तो भाग) त्या ठोकळ्यावर. पूर्ण पोकळ गिटार मोठ्या आवाजात अ‍ॅम्पसमोर नेली की स्पीकरच्या आवाजानं स्वतःच घुमायला लागते, ते या ठोकळ्यामुळे पुष्कळ आटोक्यात येतं. माझी गिटार याच घडणीची आहे, कंपनी दुसरी.

घेताना एक तपासाच. एपिफोनची कसिनो लांबून अशीच दिसते, पण ती पूर्ण पोकळ. गोड वाजते, स्वभाव मात्र वेगळा. एफ-होलमधून मोबाइलचा टॉर्च मारा, ठोकळ्याची कड दिसते का बघा.

आता मुद्द्याचं. ही गिटार अ‍ॅम्पला न जोडताही स्वतःला नीट ऐकू येते. सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची गिटार, बिनअ‍ॅम्पची किणकिणते फक्त. अकूस्टिकवर, म्हणजे विजेशिवायच्या पोकळ गिटारवर, सगळे सूर एकमेकांत मिसळून चूक झाकली जाते. इथे कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा कळतो, म्हणून रोजच्या सरावाला मी हीच उचलतो. तीन-तीन सुरांच्या कॉर्ड घ्या. डी मायनर सेव्हन: ए तारेवर पाचवा फ्रेट (मानेवरची आडवी पट्टी), डी तारेवर तिसरा, जी तारेवर पाचवा. जी सेव्हनला जाताना डी तारेवरचं बोट हलवायचंच नाही. जी तारेवर पाचव्याचा चौथा करायचा आणि मूळ सूर जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर घ्यायचा. मधली ए तार त्याच बोटाच्या टोकानं गप्प राहिली पाहिजे. पुढे सी मेजर सेव्हन: जी तारेवरचं बोट तिथेच, डी तारेवर तिसऱ्याचा दुसरा, ए तारेवर तिसरा. प्रत्येक वेळी वरच्या दोन सुरांतला एक जागेवर राहतो, दुसरा अर्धा सूर खाली सरकतो. गप्प ठेवायची ए तार जरा जरी वाजली तर ही गिटार लगेच चुगली करते. एवढा कडक मास्तर मला दुसऱ्या कुठल्या वाद्यात भेटला नाही.

बार कॉर्डलाही (एक बोट आडवं टाकून तारा दाबायच्या कॉर्ड) हात सुखावतो. गिब्सनच्या घडणीत स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २४.७५ इंच, फेंडरच्या स्ट्रॅटमध्ये २५.५. त्याच जाडीच्या तारा, तेच ट्यूनिंग, तरी ताण थोडा कमी आणि फ्रेट किंचित जवळ. पहिल्या फ्रेटवरचा एफ धरताना हे बोटांना समजतं. सगळ्याच सेमी-हॉलो या मापाच्या नसतात, तेव्हा विचारून घ्या.

जोडल्यावर मी दोन्ही पिकअप एकत्र ठेवतो, व्हॉल्यूम सातच्या आसपास, पिक हलक्या हातानं. नुसत्या नेक (मानेजवळच्या) पिकअपवर खालचे सूर जाड होतात आणि सेव्हन्थ कॉर्ड गढूळ वाटते.

तक्रारीही आहेत. अंग साधारण सोळा इंच रुंद, सोफ्यावर बसून उजवा खांदा अवघडतो. माझ्या गिटारीची जी तार नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचेत अडकून ट्यूनिंग सोडायची. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासल्यावर बरीच सुधारली. आणि केबल लावायच्या जॅकचा धातूचा नट सैल झाला तर नुसता गरगर फिरवू नका, जॅक आतून फिरून वायर पिळते. तुटली तर सगळं वायरिंग एफ-होलमधून बाहेर ओढून काढावं लागतं, आणि ते काम जाणत्या कारागिराचंच. जुनी घेत असाल तर प्रत्येक नॉब फिरवून, स्विच हलवून खरखर ऐका.

भरपूर डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटलेला आवाज) लावून जोरात वाजवणाऱ्यांनी सॉलिड बॉडीच घ्यावी, ठोकळा असूनही ही तिथे घुमतेच. कॉर्डवर जीव असेल तर मात्र बिनदिक्कत घ्या. दोन-तीन गिटारी पुढे ठेवा, सगळ्यांवर तोच एफ आणि त्याच तीन कॉर्ड बिनअ‍ॅम्पच्या वाजवा. जिच्यावर मधला सूर सगळ्यात स्पष्ट ऐकू येईल तिलाच मग केबल लावा.