स्पॅनिश अकॅडमीचा कोश: इंग्रजीतून नको, मराठीतून शिरा

माद्रिदच्या रेआल अकादेमियाचा, म्हणजे स्पॅनिश भाषेच्या अकॅडमीचा, शब्दकोश वेबवर फुकट आहे; तेविसावी आवृत्ती २०१४ची, नोंदी ९३ हजारांवर. मुंबईत स्पॅनिश शिकणारे बहुतेक जण मात्र स्पॅनिश-इंग्रजी कोशावर भागवतात, आणि घोळ तिथेच होतो. ‘आस्क’ला पेदिर आणि प्रेगुंतार असे दोन शब्द निघतात, मग कुठला घ्यायचा? मराठीत हा प्रश्नच पडत नाही. पेदिर म्हणजे मागणं, प्रेगुंतार म्हणजे विचारणं. इंग्रजी ‘प्ले’चंही तेच. फुटबॉलला हुगार, तबल्याला तोकार: एक खेळतात, दुसरा वाजवतात.

अकॅडमीचा कोश आधी व्याख्या देतो, म्हणून तो इथे खरा कामाचा. ‘पेस्कादो’ उघडा: पाण्यातून पकडून काढलेला, खाण्याजोगा मासा. समुद्रात पोहते तोवर सुरमई पेस, भाऊच्या धक्क्यावर पाटीत पडली की पेस्कादो. आपली मासळीच. तिचा काटा एस्पीना, कोंबडीचं हाड उएसो. इंग्रजीत दोन्ही ‘बोन’. ‘रिंकोन’ म्हणजे दोन भिंतींमधला आतला कोन, ‘एस्किना’ म्हणजे बाहेरची कड. घरातला कोपरा आणि रस्त्यावरचा नाका, इतकं सोपं.

येबार आणि त्राएर हेही नेणं-आणणं म्हणून सोपे वाटतात, पण इथे मराठीच दगा देते. पाहुणी फोनवर म्हणते, “येताना श्रीखंड आणते.” स्पॅनिशमध्ये ती श्रीखंड ‘नेते’, म्हणजे येबार, कारण ती अजून त्या घरात नाही. बेल वाजल्यावर आपण “आलो, आलो” म्हणतो. स्पॅनिश माणूस “या बोय” म्हणतो, म्हणजे ‘जातोच’. कोशाची त्राएरची व्याख्या इथे कमी पडते: ‘बोलणं चाललंय तिथे किंवा ज्या जागेबद्दल चाललंय तिथे’ नेणं. हा दुसरा अर्धा भाग शिकणाऱ्याला हमखास चुकवतो. त्यापेक्षा ‘बेनीर’ (येणं) खालचा ‘बोलणारा आहे तिथे पोचणं’ हा अर्थ धरा आणि तोच त्राएरला लावा.

व्याख्या स्पॅनिशमध्येच असल्याने ए२ पातळीच्या (भाषेच्या सहा पायऱ्यांतली दुसरी) आत हा कोश जड जातो. अर्थापुढे ‘देसुस.’ दिसलं तर तो अर्थ वापरातून गेलाय, सोडून द्या. पहिला अर्थ सर्वांत रुळलेला असेलच असंही नाही; ‘बेनीर’चा पहिला अर्थ चक्क ‘चालणं’ आहे.

एक गोष्ट कोशात शोधू नका. साबेर म्हणजे माहीत असणं, कोनोसेर म्हणजे ओळखणं. पण साधा भूतकाळ आला की सूपे म्हणजे ‘कळलं’ आणि कोनोसी म्हणजे ‘ओळख झाली’. कोशातल्या क्रियापदाच्या तक्त्यात ही रूपं मिळतात, बदललेला अर्थ मिळत नाही. तेवढ्यासाठी व्याकरणाचं पुस्तक शेजारी उघडं ठेवावंच लागतं.